अंड्यातील पहिले तीन दिवस : गर्भाच्या पेशींची वीण

खुडूक कोंबडीखाली बारा अंडी बसविली आणि एकविसाव्या दिवशी त्यांतून सातच पिले निघाली, तर राहिलेल्या पाच अंड्यांचा दोष बहुधा कोंबड्याच्या माथी मारला जातो. अंडी वांझ होती, कोंबडा म्हातारा झाला, असे ठरवून त्यास बाजार दाखविला जातो व त्याच्या जागी दुसरा आणला जातो. पुढच्या खेपेसही तोच अनुभव आला म्हणजे घरातील मंडळी दृष्ट लागली असे म्हणून गप्प बसतात. वास्तविक त्या पाच अंड्यांपैकी किती खरोखर वांझ होती आणि कितींमध्ये गर्भ धरून तो पहिल्या तीन-चार दिवसांतच मेला होता, हे कोणी पाहिलेले नसते. बाविसाव्या दिवशी नासके अंडे फोडून ते कळतही नाही. इतक्या लवकर मेलेला गर्भ करंगळीच्या नखापेक्षा फारसा मोठा नसतो आणि तोपर्यंत तो विरून गेलेला असतो.

हा फरक क्षुल्लक नाही. अंडे वांझ असेल तर कोंबड्याकडे किंवा कोंबडा व कोंबड्या यांच्या प्रमाणाकडे लक्ष दिले पाहिजे. गर्भ धरून मेला असेल तर कारण बहुधा अंड्यांची साठवण, त्यांची ने-आण, उष्णता किंवा कोंबडीचा आहार यांत सापडते, आणि अशा वेळी चांगला कोंबडा विकून टाकणे म्हणजे नुकसानीत भर घालणे होय. गर्भ इतक्या लवकर का दगावतो हे समजण्यासाठी त्या पहिल्या तीन दिवसांत अंड्याच्या आत कोणते काम चालते, ते थोडे खोलात जाऊन पाहणे जरूर आहे.

पेशी आणि त्यांच्या मधले द्रव्य

प्राण्याचे शरीर पेशींचे बनलेले असते हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु पेशींचा नुसता ढीग म्हणजे शरीर नव्हे. कुडाची भिंत घालताना आधी कारव्या उभ्या करतात, आडव्या काठ्यांनी त्या बांधून घेतात आणि मग त्यांवर शेणमाती लिंपतात. नुसती माती रचली तर पहिल्या पावसात ती खाली बसते; नुसत्या कारव्या उभ्या केल्या तर त्यांतून वारा वाहतो. शरीरातही पेशींच्या भोवती व पेशी-पेशींच्या मधल्या जागेत असेच एक विणलेले आणि लिंपलेले द्रव्य असते. त्यास पेशीबाह्य आधारद्रव्य असे म्हणतात. पुढे त्याचा उल्लेख केवळ आधारद्रव्य असा केला आहे. हे द्रव्य पेशी स्वतःच आपल्या आत तयार करून बाहेर टाकतात व बाहेर आल्यावर त्याचे धागे एकमेकांत गुंतून जाळे तयार होते.

ह्या जाळ्यातील मुख्य घटक थोडेच आहेत. पहिले कोलॅजेन नावाचे प्रथिन. बैलाच्या कातड्याची वादी ओढून तुटत नाही ती ह्याच प्रथिनाच्या धाग्यांमुळे, आणि कातडी व हाडे उकळून सुतार जो सरस वापरतात तोही मुळात कोलॅजेनच होय. दुसरे लॅमिनिन, ते पेशींच्या थराखाली पातळ सतरंजीसारखे पसरते. तिसरे फायब्रोनेक्टिन, ते पेशींना पाय रोवण्यास जागा देते. ह्यांच्या जोडीला हायल्युरॉनिक आम्ल नावाचा साखरेच्या जातीचा एक लांब धागा असतो. तो पाणी धरून फुगतो व पेशींच्या थरांमध्ये वाट मोकळी करून देतो. पेशींच्या अंगावर ह्या जाळ्यास धरण्यासाठी इंटिग्रिन नावाच्या पकडी असतात. निसरड्या घाटात बैलाच्या खुरास नाल नसेल तर बैल जसा जागच्या जागी घसरतो, तशी पकड सुटलेल्या पेशीची अवस्था होते.

ही सर्व द्रव्ये तयार करण्याची सूचना प्रत्येक पेशीजवळ जन्मापासून असते. परंतु पेरणीच्या दिवसांत कोणी मळणी काढीत नाही. कोणत्या पेशीने कोणते प्रथिन केव्हा व किती तयार करावयाचे याचा क्रम ठरलेला असतो, आणि गर्भाची सारी घडण ह्या क्रमावर अवलंबून असते.

मोड आलेले बी

अंडे घातले की त्यात काही नसते, ऊब मिळाल्यावरच जीव धरतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. अंडाशयातून सुटलेला बलक कोंबडीच्या अंडनलिकेत पडल्यावर अंडे बाहेर येण्यास सुमारे पंचवीस तास लागतात. नलिकेच्या नाळक्यासारख्या तोंडाशीच फलन होते. पांढरा बलक, पापुद्रे व कवच ही त्यानंतर चढतात. कोंबडीच्या शरीराची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. त्या उबेत फलित पेशी दोन, चार, आठ अशी विभागत जाते आणि अंडे खुराड्यात पडते तेव्हा बलकावरील फिकट ठिपक्यात वीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत पेशी तयार असतात. एवढेच नव्हे, तर वरच्या थराखाली लॅमिनिन व फायब्रोनेक्टिन यांचे पहिले धागेही ह्या सुमारास दिसू लागतात. बसविण्यासाठी ठेवलेले ताजे अंडे हे कणगीतील कोरडे बी नसून मोड आलेले बी आहे, असे समजूनच ते हाताळले पाहिजे.

अंडे थंड झाले म्हणजे वाढ थांबते. साधारणपणे २० ते २१ अंश सेल्सिअसच्या खाली गर्भ निद्रिस्त राहतो व पुन्हा ऊब मिळताच जागा होतो. योग्य उबेसाठी मात्र ३७.५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. ह्या दोहोंच्या मधली उष्णता सर्वांत घातक असते. २७ ते ३५ अंशांच्या दरम्यान गर्भ धड झोपत नाही आणि धड वाढतही नाही. काही भाग पुढे सरकतात, काही मागे राहतात. ज्या वाटेवरून पेशींनी जावयाचे ती वाट तयार होण्याचा आणि पेशी निघण्याचा मेळ राहिला नाही, तर पुढे पूर्ण ऊब मिळूनही गर्भ सावरत नाही. विदर्भात, मराठवाड्यात व खानदेशात चैत्र-वैशाखात पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेली अंडी नेमकी ह्याच उष्णतेत दिवसच्या दिवस पडून असतात. उन्हाळ्यात कोंबडी बसविली की पिले कमी निघतात, हा जुना अनुभव खरा आहे. परंतु त्यात कोंबडीचा दोष थोडा व फळीचा अधिक आहे.

यास्तव बसवावयाची अंडी दिवसातून दोन-तीन वेळा गोळा करून घरातील सर्वांत गार जागी ठेवावी. रुंद तोंडाचे मडके ओल्या वाळूत अर्धे पुरावे, तळाशी वाळलेला पेंढा घालून त्यावर अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावी व तोंडावर पातळ ओले फडके बांधावे. वाळू रोज शिंपावी. अंडी मात्र ओली होऊ देऊ नयेत आणि ती धुऊही नयेत. थंडीच्या दिवसांत सात दिवसांपर्यंतची अंडी बसविण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात ती तीन-चार दिवसांपेक्षा जुनी नसावीत. एक आज, एक उद्या अशी अंडी कोंबडीखाली सरकवीत जाण्याची पद्धत सोडून द्यावी. सर्व अंडी एकदम बसवावी.

फार दिवस ठेवलेले अंडे गारव्यातही उतरते, त्याचे कारण निराळे आहे. बलकाभोवती एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याचा आतला थर अंडाशयात व बाहेरचा थर अंडनलिकेत तयार होतो. म्हणजे गर्भाने स्वतःचे आधारद्रव्य विणण्यापूर्वी आईने त्यास दिलेले हे पहिले आधारद्रव्यच होय. गर्भाच्या चकतीच्या कडेवरील पेशी ह्या पापुद्र्याच्या आतल्या अंगास चिकटून चहूकडे सरकत जातात आणि चकतीला ताण देऊन पसरवितात, जसे तंबूचे कापड खुंट्यांना ताणून बांधतात तसे. इंग्लंडमध्ये डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये हा पापुद्रा गर्भासह काढून काचेच्या कड्यावर ताणून बसविला व त्यावर गर्भ वाढवून दाखविला. ह्या पद्धतीमुळे जिवंत गर्भ डोळ्यांसमोर ठेवून अभ्यास करणे शक्य झाले. कोंबडीच्या गर्भाच्या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. डॉ. लीला मुल्हेरकर यांचे ह्या विषयावरील संशोधन १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी ह्या अभ्यासाची परंपरा रुजविली. अंडे जुने होत जाते तसा पांढरा बलक पातळ होतो आणि हा पापुद्रा कमजोर पडतो. खुंट्याच सैल झाल्या तर तंबू कसा उभा राहणार?

पहिला व दुसरा दिवस

ऊब सुरू झाल्यावर सहा-सात तासांत चकतीच्या मधोमध एक आखूड रेघ उमटू लागते आणि अठरा-एकोणीस तासांत ती पूर्ण लांबीची होते. हिला आदिरेषा म्हणतात. ह्या रेघेपाशी जे घडते ते फार लक्षात घेण्याजोगे आहे. वरच्या थराखाली लॅमिनिनची जी सतरंजी अंथरलेली असते, ती नेमकी ह्या रेघेखाली विरून जाते. इतरत्र ती शाबूत राहते. उघड्या पडलेल्या ह्या फटीतून वरच्या थरातील पेशी आत उतरतात व दोन्ही बाजूंस पांगतात. जे वरच राहिले त्यांपासून कातडी, पिसे, मेंदू व मज्जारज्जू होतात. जे सर्वांत खाली गेले त्यांपासून आतडी व यकृत यांचे अस्तर बनते, आणि मध्ये राहिलेल्यांपासून हृदय, रक्त, हाडे, मांस व मूत्रपिंडे तयार होतात. चोवीस तासांच्या आत पुढच्या साऱ्या कोंबडीची वाटणी अशी होऊन जाते.

आत उतरलेल्या पेशी वाट कशी शोधतात, हा प्रश्न पुष्कळ वर्षे अनुत्तरित होता. १९८२ मध्ये फ्रान्समधील द्यूबां व तिएरी यांनी रंगविलेल्या प्रतिद्रव्यांच्या साहाय्याने ह्या अवस्थेतील गर्भात फायब्रोनेक्टिन कोठे कोठे असते ते दाखविले. पेशी जेथून चालत जातात त्या वाटांवर हे प्रथिन आढळले. शेताच्या बांधांमधून जशी पाणंद जाते व गुरे तिच्यावरूनच चालतात, तशी ही व्यवस्था आहे. पाणंदीवरचा मुरूम काढून टाकला तर काय होते, हेही पाहिले गेले. फायब्रोनेक्टिन हे फार लांब प्रथिन आहे. परंतु पेशीच्या पकडीस त्यातील तीन अमिनो आम्लांचा एक लहानसा तुकडा मुख्यतः पुरतो, असे १९८४ मध्ये पिअर्शबाखर व रुओस्लाहटी यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी हा तुकडा असलेले द्रव्य कोंबडीच्या गर्भात टोचून पाहण्यात आले. पेशींच्या पकडी त्या सुट्या तुकड्यांनीच भरून गेल्या, त्यांना वाटेवर पाय रोवता येईना आणि त्यांचे चालणे अडले.

हृदयाची गोष्ट अधिक बोलकी आहे. हृदय होणाऱ्या पेशी आरंभी गर्भाच्या उजव्या व डाव्या अशा दोन बाजूंस असतात. त्या पुढे डोक्याच्या दिशेने व मग मध्याकडे सरकतात, तेथे दोन्ही बाजूंच्या नळ्या जुळून एक नळी होते आणि तेहेतीस ते अडतीस तासांच्या दरम्यान ती धडधडू लागते. अमेरिकेतील लिनास्क व लॅश यांनी १९८० नंतरच्या दशकात असे दाखविले की, ह्या पेशींच्या वाटेवरील फायब्रोनेक्टिन प्रतिद्रव्यांनी झाकून टाकले म्हणजे त्यांची वाटचाल थांबते. नळी झाल्यावरही तिच्या आतील व बाहेरील थरांमध्ये पाणी धरून ठेवणाऱ्या आधारद्रव्याचा जाड लगदा असतो व त्याच्या आधाराने ती कोवळी नळी आकसते आणि फुगते. आरिस्टॉटलने सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अंडी एकामागून एक फोडून तिसऱ्या दिवशी उडणारा रक्ताचा ठिपका पाहिला होता. त्याला दिसला तो परिणाम; त्याच्या आधीची ही वाट साध्या डोळ्यांस दिसण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशीच पाठीच्या मध्यरेषेवरून आणखी एका जातीच्या पेशी निघतात. त्यांना भटक्या पेशी म्हटले तरी चालेल, कारण चेहऱ्याच्या हाडांपासून आतड्यांच्या मज्जातंतूंपर्यंत त्या सर्वत्र जाऊन पोहोचतात. पिसांचा व कातडीचा रंगही त्याच आणतात. कडकनाथ जातीच्या कोंबडीत मांस व हाडांवरील आवरण काळे दिसते, ते ह्या रंगपेशी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने शरीरात आतवर पसरल्यामुळे. पाठीच्या दोन्ही अंगांस मणक्यांच्या पूर्वखुणा असलेल्या गाठींच्या रांगा असतात. ह्या पेशी प्रत्येक गाठीच्या पुढच्या अर्ध्या भागातून जातात व मागचा अर्धा भाग टाळतात, कारण तेथील द्रव्ये त्यांना मज्जाव करतात. म्हणजे आधारद्रव्यात वाटेबरोबर कुंपणही असते. तिसऱ्या दिवशी पाय व पंख यांचे कोंब दिसू लागतात. त्यांत पाचव्या दिवसाच्या सुमारास कूर्चेचे कोलॅजेन भरू लागते व त्यानंतर हाडाचे कोलॅजेन येते.

इतकी नाजूक वीण चाललेली असताना अंड्यास बसणारा हिसका काय करीत असेल, याची कल्पना करता येईल. एस. टी.च्या टपावरून किंवा सायकलीच्या कॅरिअरवरून आणलेली अंडी आल्याबरोबर कोंबडीखाली ठेवू नयेत. गार जागी निमुळते टोक खाली करून निदान बारा तास ती स्वस्थ राहू द्यावी. नेण्याची वेळ आलीच तर भाताच्या तुसात किंवा भुशात पुरून, पहाटेच्या गारव्यात न्यावी. कोंबडी बसविल्यावर पहिले तीन-चार दिवस मुलांना पाटीजवळ जाऊ देऊ नये. दाणापाण्यासाठी ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते, त्याने अपाय होत नाही. परंतु कुत्र्याच्या भीतीने ती पाटी सोडून तासन् तास बाहेर राहिली तर होतो. अंडी फिरविण्याचे काम कोंबडी स्वतः करते. यंत्रात ठेवलेली अंडी मात्र पहिल्या दिवसापासून अठराव्या दिवसापर्यंत रोज निदान तीन ते पाच वेळा फिरविली पाहिजेत. गर्भ वर तरंगत असल्याने तो एकाच जागी राहिला तर कवचाच्या पापुद्र्याला चिकटण्याची भीती असते, आणि पहिल्या आठवड्यात झालेली ही हयगय पुढे भरून निघत नाही.

वांझ अंडे व मेलेला गर्भ ओळखणे

सातव्या रात्री अंडी पारखावी. जोड्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यास अंड्यापेक्षा लहान असे गोल भोक पाडावे, आत विजेची बॅटरी ठेवावी, खोली काळोखी करावी आणि अंड्याचे रुंद टोक भोकावर धरून पाहावे. गर्भ जिवंत असेल तर मध्ये काळा ठिपका व त्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा दिसतात. गर्भ दोन-तीन दिवसांचा होऊन मेला असेल तर शिरा दिसत नाहीत. रक्त कडेला जमून तांबडे कडे उमटलेले असते. अंडे सर्वत्र सारखे उजळ दिसले व बलकाची फक्त छाया दिसली, तर ते वांझ असण्याचा संभव असतो. देशी कोंबडीच्या तपकिरी कवचाच्या अंड्यात पाहणे थोडे कठीण जाते. एक-दोन खेपांत नजर बसते.

तथापि उजळ दिसणारे प्रत्येक अंडे वांझच असते असे नाही, आणि नेमकी येथेच कोंबड्यावर अन्याय होतो. पहिल्याच दिवशी मेलेल्या गर्भात रक्त तयार झालेले नसते, म्हणून कडेही उमटत नाही. अशी उजळ अंडी हलकेच पसरट ताटलीत फोडावी आणि बलकाचा वरचा भाग पाहावा. वांझ अंड्यात दोन-तीन मिलिमीटरचा, घट्ट पांढरा, वेड्यावाकड्या कडेचा ठिपका असतो. ऊब मिळून मग मेलेल्या गर्भाची चकती रुपयाच्या नाण्यासारखी, फिकट व पसरलेली असते, कारण पापुद्र्याला धरून ती काही काळ सरकलेली असते. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील दोन-तीन घरी ही पारख स्वतः करून दाखवावी व बारा अंड्यांपैकी वांझ किती, पहिल्या दिवशी मेलेली किती, तांबडे कडे असलेली किती, हे घरच्या बाईंकडून भिंतीवर खडूने लिहवून घ्यावे. वांझ अंडी पुष्कळ निघाली तर कोंबडा बदलावा, किंवा दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा आहे की नाही ते पाहावे. मेलेले गर्भ पुष्कळ निघाले तर प्रथम मडके व फळी यांची चौकशी करावी, आणि तेथे दोष नसेल तर कोंबड्यांच्या दाण्याची.

आईच्या दाण्यातून मिळणारा माल

आधारद्रव्य विणण्यासाठी लागणारा कच्चा माल अंड्यात बंद होऊनच येतो. कवचातून नंतर हवा, पाण्याची वाफ व थोडा चुना यांपलीकडे गर्भास फारसे काही मिळत नाही. कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी पक्के बांधणाऱ्या विकरास तांबे लागते. कोंबडीच्या दाण्यात तांबे फार कमी पडले तर रक्तवाहिन्या कच्च्या राहून रक्तस्राव होतो व गर्भ रक्त बनण्याच्या अवस्थेतच मरतो. मँगनीज हे कूर्चेतील साखरेच्या धाग्यांच्या घडणीसाठी आवश्यक असते. अमेरिकेत लायन्स व इन्स्को यांनी १९३७ मध्ये असे दाखविले की, मँगनीज नसलेल्या खाद्यावरील कोंबड्यांच्या अंड्यांत आखूड पायांचे व पोपटासारख्या चोचीचे गर्भ निपजतात. ते बहुधा फुटण्याच्या सुमारास मरतात. अ जीवनसत्त्वाच्या अभावी रक्ताभिसरणच नीट सुरू होत नाही आणि गर्भ अठ्ठेचाळीस तासांच्या आसपास दगावतो. क जीवनसत्त्वाची मात्र काळजी नको. कोलॅजेनसाठी ते लागते खरे व अंड्यात ते मुळीच नसते, परंतु कोंबडीप्रमाणेच तिचा गर्भही ते स्वतः तयार करतो. माणसास तेवढे जमत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे योग्य होईल. लाखोळीच्या वर्गातील काही शोभेच्या वेलींच्या बियांत असे एक विष असते की त्यामुळे कोलॅजेनच्या धाग्यांची गाठच बसत नाही. लेव्हीन व ग्रोस यांनी १९५९ मध्ये ह्या विषाचा परिणाम कोंबडीच्या गर्भावरच दाखविला. त्या गर्भांच्या ऊती इतक्या कमजोर झाल्या की कोलॅजेन थंड मिठाच्या पाण्यातही विरघळून येऊ लागले. पूर्व विदर्भात भातानंतर पेरली जाणारी लाखोळी ही त्यांची भावकी असली, तरी तिच्यातील विष निराळे आहे व ते मज्जातंतूंवर परिणाम करते. दोन्हींचा घोळ करू नये. लाखोळीचा चुरा कोंबड्यांच्या दाण्यात मात्र कोणत्याच कारणासाठी मोठ्या प्रमाणात घालू नये.

दिवसभर उकिरडा, बांध व गोठा धुंडाळणाऱ्या गावच्या कोंबडीस ह्या द्रव्यांची कमतरता क्वचितच भासते. किडे, हिरवा पाला, शेणातील दाणे यांतून तिचे भागते. अडचण येते ती जाळीत कोंडलेल्या आणि केवळ मका किंवा तांदळाच्या कण्या खाऊन राहणाऱ्या कोंबड्यांची. मक्यात मँगनीज फार कमी असते, आणि पांढरी ज्वारी व कणी यांत अ जीवनसत्त्वाचा अंश जवळजवळ नसतो. गव्हाचा व भाताचा कोंडा मँगनीजच्या दृष्टीने उत्तम आहे व तो घरचाच असतो. लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथी यांपैकी जे मिळेल ते रोज मूठभर टांगून ठेवावे. त्याशिवाय पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने कोंबड्यांसाठीचे खनिज मिश्रण दाण्यात मिसळावे. जनावरांचे मिश्रण कोंबड्यांना घालू नये. शिंपल्यांचा चुरा आवश्यक आहे, परंतु चुना व स्फुरद प्रमाणाबाहेर गेल्यास दाण्यातील मँगनीज अंगी लागत नाही, म्हणून चुरा दाण्यात भारंभार न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे कोंबड्या गरजेपुरता खातील.

हा बदल कोंबडी खुडूक झाल्यावर करून उपयोग नाही. एका अंड्याचा पिवळा बलक भरण्यास सुमारे दहा दिवस लागतात व कोंबडीच्या शरीरातील साठा सुधारण्यास त्याआधी काही दिवस जावे लागतात. यास्तव जी अंडी बसवावयाची त्यांच्या निदान तीन आठवडे आधी कोंडा, हिरवा पाला व खनिज मिश्रण सुरू झाले पाहिजे. संक्रांतीच्या सुमारास कोंबडी बसविण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी मार्गशीर्ष संपण्यापूर्वीच खुराड्यात कोंड्याचे टोपले ठेवावे.